इस्त्रीच्या बोर्डावरची पीएचडी

मी एक जुना इस्त्रीचा बोर्ड आहे. हसलात ना? हसा, मित्रांनो, हसा. मला धड टेबल म्हणत नाहीत, धड फळी म्हणत नाहीत. कपडे झाले की घडी घालून दाराआड उभं करतात. पण या घरात पीएचडी झाली ती माझ्या पाठीवर. लिहायचं टेबल तेव्हा घरात नव्हतंच.

कारखान्यात माझे पाय जोडले, पोटाशी खटका बसवला, वर स्पंज आणि निळं कापड ताणून बांधलं. महिनाभर दुकानात उभा होतो. मग मला आईनं घरी आणलं. दोघी मुली तिला आई म्हणतात, म्हणून मीही. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत दिवसभर नोकरी करायची.

एका सकाळी तिनं मला सगळ्यांत वरच्या खाचेत उभं केलं आणि माझ्यावर वह्या मांडल्या. मला वाटलं, झोपेत आहे की काय ही! पण खुर्चीत बसलं की तिचा डोळा लागायचा, म्हणून ती उभ्यानं अभ्यास करायची. पाच ते सात अभ्यास, सातला त्याच जागी गणवेशांना इस्त्री, मग डबे, मग नोकरी. काय दिवस होते ते! तिच्या कोपरांची ऊब मला अजून आठवते.

धाकटी मात्र फुरंगटायची. "आई सारखी पाठ करून उभी असते," ती बाबांना म्हणायची. "हळू बोल, अभ्यास चाललाय तिचा," बाबा म्हणायचे. कसला अभ्यास, ते त्यांनाही धड ठाऊक नव्हतं.

रविवारी आई एकटीच नदीवर जाऊन बाटल्यांत पाणी भरून आणायची. घरच्यांना वाटायचं, ऑफिसचं काम असेल. सोमवारी प्रयोगशाळेतलं यंत्र ते पाणी तपासून कागदाच्या पट्टीवर आकडे छापायचं. पट्ट्यांची गुंडाळी व्हायची, म्हणून ती त्या माझ्या कापडाखाली सपाट व्हायला ठेवायची, रोज इस्त्रीआधी आठवणीनं बाजूला काढायची आणि सवडीनं आकडे वहीत उतरवायची. एका वर्षी धाकटी आजारी पडली, ऑफिसात माणसं कमी झाली. आठ आठवडे सवड मिळालीच नाही.

आणि एका सकाळी बाबांनी ठरवलं, आज हिला जरा मदत करू. गणवेश घेतले, इस्त्री कडक तापवली, अगदी मन लावून फिरवली. मला सगळं कळत होतं हो, पण मला तोंड कुठे आहे? तो कागद उष्णतेनं काळा पडतो, हे बिचाऱ्या बाबांना काय माहीत! आईनं कापड उचललं, तर आठही पट्ट्या काळ्याकुट्ट.

"अरे, हे काय केलंस?"

"मला वाटलं, तुझं काम हलकं होईल." बाबांचा चेहरा एवढासा झाला.

नदीचं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं. तेच आठवडे पुन्हा यायला वर्ष लागणार होतं आणि पीएचडीला मुदतवाढ मिळणार होती एकदाच. "सोडून देते मी," आई म्हणाली. "नाही झेपत आता." माझ्यावर डोकं टेकून ती रडली. मलाही फार वाईट वाटलं.

बाबांनी इस्त्री बंद केली. मग म्हणाले, "सोडायचं नाही. पुढच्या वर्षी आठही रविवार आम्ही सगळे येऊ."

आणि खरंच गेले की! बाबांनी बाटल्या धरल्या, थोरलीनं वेळ लिहिली, धाकटीनं चिठ्ठ्या चिकटवल्या. पहिल्या रविवारी परत आल्यावर धाकटी माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आई, तू हे करत होतीस होय? मला वाटायचं, तुला आमच्यात बसायला आवडत नाही."

 आईनं लेकीला उचलून माझ्यावर बसवलं आणि घट्ट धरलं. माझे पाय करकरले, पण मी हूं की चूं केलं नाही.

पीएचडी झाली. घरात लिहायचं टेबल आलं, खुर्ची आली. माझं कापड विरलंय, खटका गंजलाय, थेंबभर तेल घालायचं कुणाला सुचत नाही. असो, माझं राहू द्या. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं पाठ करून शिकत असेल, तर चवड्यांवर चालत लांबून जाऊ नका. जवळ जा आणि विचारा, "काय करतेस गं?" या घरात एवढं विचारायला चार वर्षं लागली.