निम्म्या बायका

"चहा यांच्या इलेक्शनचा आन गॅस लेकरांच्या खिचडीचा," वच्छलाबाई पातेल्यात पळी आपटत पुटपुटली. "उद्या सिलिंडर संपलं की म्हंतील, बायांनीच घरी नेलं."

"हळू बोल. भिताडापल्याड बसलेत समदे," कौशल्याबाई म्हणाली.

"ऐकू दे की! कान तरी उपयोगाला येतील."

एरवी कौशल्याबाई हसली असती. आज हसू येत नव्हतं. दोघी मिळून शाळेतल्या लेकरांची खिचडी शिजवायच्या, आणि पालकसभेच्या दिवशी वरून चहाही त्यांच्याच गळ्यात. खिचडीच्या खोलीतून सातवीचा वर्ग दिसायचा. आज तिथे पोरांच्या जागी माणसं बसली होती. भिंतीकडेला बायका, पंख्याखाली पुरुष आणि फळ्यापुढे, मॅडमच्या खुर्चीत, विजयसिंह.

शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदाचा हा उमेदवार. नदीकाठची काळी जमीन त्याची, आणि दसरा झाला की ऊसतोडीला जाणारी टोळीही त्याचीच; तिचा मुकादम तोच. अध्यक्ष व्हायला पोरगं याच शाळेत लागतं, म्हणून त्याने धाकट्याचं नाव इथे घातलं होतं. पोरगं मात्र टाय लावून परळीच्या इंग्रजी शाळेत जायचं. हजेरीला त्याचं नाव आलं की अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "परळीला गेलंय, मॅडम!"

समितीत निम्म्या बायका लागतात, हा सरकारचा नियम. त्यालाही विजयसिंहाने हसत हसत वाट काढली होती. टोळीतल्या माणसांच्या बायकांची नावं घातली आणि पुरुषांना सांगितलं, "कोपरानं ढोसलं की हात वर करतील. लई काय अवघड न्हाई."

त्या निम्म्या बायकांत कौशल्याबाईची सून होती. मनिषा. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून, जमिनीला खिळल्यासारखी बसलेली.

विजयसिंह उभा राहिला. आवाज असा मऊसूत, की खवा विकणाऱ्याला हेवा वाटावा.

"मला सांगा, लेकरू कुणाचं? सरकारचं का मायबापाचं?"

"मायबापाचं!" पुरुष म्हणाले.

"मग त्याला शाळेत कवा धाडायचं, कवर शिकवायचं, ह्ये कुनी ठरवायचं? आपल्या चुलीपाशी शाळा कावून घुसती? आपन अडानी आसू, पर लेकराचं वाईट करूत का?"

टाळ्या पडल्या. कौशल्याबाईचीही मान आपसूक हलली, कारण बोलणं खोटं नव्हतं. लेकरू मायबापाचंच असतं. मग तिला आपल्याच मानेची किळस आली. चांगल्या दुधात माशी पडावी तसे ते शब्द. दूध खरं, पण प्यायचं कसं?

कारण परवाच पाहुणे येऊन गेले होते. दीपमालाला बघायला. दीपमाला म्हणजे मनिषाची थोरली, याच वर्गातल्या खिडकीपाशी बसणारी. पोरगा प्रविण, विजयसिंहाच्याच टोळीतला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला अर्धा. अर्ध्या कोयत्याला मुकादम तोंड वाकडं करतो. म्हणून दसरा तोंडावर आला की गावोगाव अर्धे कोयते पुरे व्हायला लागतात. त्याला कुणी लग्न म्हणत नाही. 'कार्यक्रम' म्हणतात. मांडव नाही, वाजंत्री नाही, कुणाच्या तरी मळ्यात सकाळी सकाळी पाच-पन्नास अक्षता, आणि कार्यक्रम उरकला.

प्रविणच्या आईने पोरीला नाव विचारलं नाही. जवळ बोलावून तिची ओढणी सारली आणि दोन बोटांनी मान चाचपली. मग खांदा. "मोळी पेलंल," ती नवऱ्याला म्हणाली. सिरसाळ्याच्या बाजारात बैलाला हात लावतात, तसा हात. दीपमालाला वाटलं, पाहुणी माया करतेय. ती हसली.



त्या रात्री ती लेकाला म्हणाली होती, "अभिमन्या, मी हाय ना गावात. तुमी जावा तोडीला. पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल, शाळा शिकंल."

"आई, मुकादम म्हंतो, समद्यांचीच सोय होती," अभिमन्यू म्हणाला. "आन वयात येनारी पोर कुनाच्या भरवशावर ठेवायची?"

"माझ्या."

त्याने कूस बदलली होती.

आज सकाळी ती मॅडमपाशी गेली होती. सत्यशीला मॅडम बीडहून यायच्या, कडक पण जीव लावणाऱ्या. मागच्या साली त्यांनीच चाइल्डलाइनला एक फोन करून आठवीतल्या पोरीचा असाच कार्यक्रम थांबवला होता. त्यानंतर त्यांच्या गाडीचं सीट कुणी फाडलं, आणि त्या पोरांना मारतात अशी तक्रार वर गेली. हे कुणाचं काम, ते मॅडमना उमगलं होतं.

"मावशी, घरातलं कुणी उघड बोललं तर मी आत्ता फोन करते," त्या म्हणाल्या होत्या. "पण ऐकीव गोष्टीवर परत नाही. तुम्ही बोलता का?"

कौशल्याबाईने तोंड उघडलं. लेकाचं टोळीतलं नाव, घरातली भांडणं, गावाचं तोंड, सगळं एकदम आठवलं. "चहाला किती मानसं हायत?" एवढंच ती विचारू शकली. दिवसभर तिला स्वतःच्या भित्रेपणाचा वास येत होता.

आत विजयसिंह शेवटाला आला होता. "म्हून अध्यक्ष निवडायच्या आदी एक साधा ठराव हाय. गावातल्या कंच्याबी घरच्या कार्यक्रमाबद्दल शाळेनं समितीला इचारल्याबिगर भाईर कुठं फोन करायचा न्हाई. मायबापाचा हक्क मायबापापाशी. मॅडम, लिवून घ्या."

मॅडमनी पेन उचललं नाही. "हा ठराव कायद्यात बसत नाही," त्या हळू म्हणाल्या.

"कायदा बीडात. आमी हितं." लोक हसले. "चला, हात वर करा."

पंख्याखालचे हात भराभर वर गेले. भिंतीकडचे एकेक करत, नवऱ्याकडे बघत बघत. मनिषाचा गेला नाही.

"ए, हात," अभिमन्यू दबक्या आवाजात म्हणाला. ती हलली नाही. कोपर पोचण्याइतका तो जवळ नव्हता. तो उठला.

कौशल्याबाई चहाचा ट्रे घेऊन आत शिरलीच होती. आपण काय करतोय हे तिच्या पायांना आधी कळलं. ती लेकाच्या आणि सुनेच्या मधे जाऊन उभी राहिली.

"आई, सरक."

"चहा घे आदी."

"आई, मी काय म्हंतोय—"

"गरम हाय. घे." ती सरकली नाही. "सांडला तर तुझ्याच अंगावर जाईल."

कुणीतरी खुसखुसलं. विजयसिंहही हसला. मोठेपणा दाखवायची अशी संधी तो सोडणारा नव्हता.

"बस रं अभिमन्या. आपन हक्काचं बोलाय लागलोत आन बायकूला दटावतो व्हय? बोल मनिषा. तूबी पालक हायेस. काय मनात आसंल ते मोकळ्यानं बोल."

मनिषा उभी राहिली. पदर मागे सरकला. तो तिने पुन्हा ओढला नाही.

"मी पालक हाय ना?" तिने विचारलं.

"हायेस की."

"माझं ऐकत्याल समदे?"

"बोल तर."

तिचा आवाज अगदी बारीक होता. खिडकीपाशी बसलेल्यांना पुढे वाकावं लागलं.

"मग कार्यक्रम म्हनू नगा. लगीन हाय. सोमवारी, तुमच्याच मळ्यात, माझ्या सातवीतल्या लेकीचं लगीन हाय. तिच्या मायला कुनी इचारलं न्हाई. प्रविणचा अर्धा कोयता पुरा करायचाय तुमाला, दुसरं काय न्हाई."

वर गेलेले काही हात अजून तसेच वर होते. ती मॅडमकडे वळली.

"मॅडम, पालकानंच सांगितलं म्हना. लावा फोन."