फक्त चुका

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी मी नोंदींची पातळी 'फक्त चुका' अशी केली आणि इंदुताई केळुसकर गुडघ्यांपासून खाली नाहीशा झाल्या. त्या वजनकाट्यापाशी उभ्या होत्या. उंचीत फरक पडला नाही. त्यांनी हातातला मातीचा नमुना दहा ग्रॅम तोलून पूर्ण केला आणि मग खाली पाहिलं.

"शर्वरी, तू काही केलंस का गं?"

"धारूरकर साहेबांनी सांगितलं म्हणून सेटिंग बदललं."

आमच्या माती-परीक्षण प्रयोगशाळेचं सगळं काम ब्राउझरमधल्या एका प्रणालीवर चालतं. जे जे घडतं त्याची ती एकेक ओळ लिहिते. त्या यादीला आम्ही लॉग म्हणतो. ओळींच्या चार पातळ्या आहेत: बारीकसारीक, माहिती, इशारा आणि चूक. मी प्रशासक आहे, म्हणजे कोणत्या पातळीपासून पुढचं लिहायचं ते मी ठरवते. आजवर सगळंच लिहिलं जायचं आणि त्यानं डिस्क भरली होती.

इंदुताईंनी बत्तीस वर्षांत एकही नमुना चुकवलेला नाही. त्यांच्या नावाच्या सगळ्या ओळी 'माहिती'च्या होत्या. त्या आता पडत नव्हत्या. साडेपाचला दिवसाची यादी बंद होते, आणि त्या दिवशीच्या यादीत जे नसतं ते दुसऱ्या दिवशी नसतं.

मी पातळी लगेच पूर्ववत केली. बदल अचूक झाला. अचूक बदल ही 'माहिती' असते, म्हणून त्याची ओळ पडली नाही, म्हणून तो झाला नाही. पडद्यावर पुन्हा 'फक्त चुका' आलं. मी चार वेळा केलं. चारही वेळा बरोबर केलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर धारूरकर साहेब आले. ते दारातून जेमतेम मावले. सकाळपासून त्यांनी तीनदा भलतीच फाईल चढवली होती आणि एका गावाचा अहवाल दुसऱ्या गावाला पाठवला होता. ते चालत तिथं फरशीला तडे जात होते.

"डिस्क कशी आहे मॅडम?"

"रिकामी आहे."

"बघा. उगाच घाबरत होतात. केळुसकर बाई कुठायत?"

"काट्यापाशी. छातीपासून वर."

"त्यांना म्हणावं, इतकं नीटनेटकं राहू नका. माझ्याकडे बघा, मला काही झालंय?"

"नाही साहेब. तुम्ही चांगले भरलात."

ते खूश होऊन गेले. नीट लेबल लावलेल्या बाटल्या तोवर एकेक करून नाहीशा झाल्या होत्या, त्यांच्यामागून फळ्या, आणि भिंत माझ्या टेबलाला येऊन टेकली होती. मला स्वतःला काही झालं नाही. प्रशासक यादीत नसतो. पण आमचं बरोबर बोललेलं हळू ऐकू यायला लागलं होतं. मी "नमुना चारशे बारा तुमच्या डावीकडे आहे" म्हणाले, तर इंदुताई कानामागे हात नेऊन "काय?" म्हणाल्या.

त्यांनी मनापासून प्रयत्न केला. अकरा ग्रॅम माती घेतली. हातानं एक ग्रॅम परत बरणीत टाकली. "माझा हातच ऐकत नाही गं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पासवर्ड चुकवला. चुकीचा पासवर्ड हा फक्त 'इशारा' असतो. चार वाजता त्यांची हनुवटी आणि उजवा हात तेवढा उरला होता.

मी पातळ्यांचा तक्ता उघडला आणि ओळ न् ओळ वाचला. सत्तेचाळिसाव्या ओळीत उत्तर होतं. अधिकार नसलेल्या माणसानं सेटिंग बदलायचा प्रयत्न केला, तर ती 'चूक'.

"इंदुताई, माझ्या खुर्चीत बसा आणि पातळी बदला."

हे नियमाबाहेरचं होतं, म्हणून त्यांना खणखणीत ऐकू गेलं.

"दुसऱ्याच्या खुर्चीत? बत्तीस वर्षांत असलं काही केलं नाही मी."

"म्हणूनच तर ही वेळ आली. बसा."

"लोक काय म्हणतील?"

"उद्या तुम्हीच नसाल, तर म्हणणार कुणाला?"

हनुवटी थोडा वेळ विचार करत राहिली. मग आली आणि खुर्चीवर स्थिरावली. त्यांनी स्वतःच्या नावानं प्रवेश केला, माझं पान उघडलं आणि एका बोटानं बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ उमटली: चूक, केळुसकर इंदुमती, अधिकार नाही. खुर्चीखाली एक टाच आली, चपलेसकट.

"अगं बाई," इंदुताई म्हणाल्या. "हे तर सोपं आहे."

त्यांनी पुन्हा दाबलं. दुसरी टाच आली. मग पोटऱ्या, गुडघे, साडीच्या निऱ्या, दोन्ही खांदे. पाच वाजून बावीस मिनिटांनी हिरव्या बांगड्यांचा डावा हात टेबलावर आला आणि इंदुताई पूर्ण झाल्या. मी पायांपासून केसांपर्यंत तपासून पाहिलं. काही उणं नव्हतं.

"आता पुरे," मी म्हणाले.

ही सूचना अगदी बरोबर होती. त्यांना ती ऐकू गेली नाही.

"अजून आठ मिनिटं आहेत," इंदुताई हसत म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं. टेबलावर डाव्या हाताशेजारी आणखी एक डावा हात आला. त्याच्याही बांगड्या हिरव्या होत्या, आणि तोही बटणाकडे निघाला.