मागं घरचीच माणसं

सुगनचंदांनी खुर्ची मागं झुकवली ती पाळधी गाव सुटता सुटता, आणि अशी झुकवली की खुर्चीची पाठ थेट कुसुमलताच्या पोटापाशी येऊन थांबली.

त्यांना काय ठाऊक! हौस होती बिचाऱ्यांची. पंचाहत्तर साल होतं. जळगावहून धुळ्यामार्गे मुंबईला जाणारी एक लक्झरी नुकतीच सुरू झाली होती, आणि तिच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'विमानासारख्या मागे झुकणाऱ्या खुर्च्या'. सून सातव्या महिन्यात होती, बाळंतपणासाठी तिला धुळ्याला माहेरी पोचवायचं होतं. नवरा रतनलाल खरेदीसाठी इंदूरला गेलेला. एसटीत हाडं खिळखिळी होतात म्हणून सुगनचंद स्वतः जाऊन ती गाडी बघून आले. खुर्चीत तीनदा बसले, तीनदा उठले, कळ ओढून पाहिली आणि मगच तीन जागा धरल्या. सगळा खटाटोप सुनेसाठी. पण अशा खुर्चीत बसल्यावर कळ ओढल्यावाचून राहवतं का माणसाला? आपल्याला तरी राहवलं असतं का?

बायका मागं, पुरुष पुढं, हा घरचा नियम गाडीतही पाळला गेला. कुसुमलता आणि सासू पानबाई शेवटच्या रांगेत, आणि सुगनचंद बरोबर सुनेच्या पुढच्या जागेवर. शेवटच्या रांगेच्या खुर्च्या मागच्या पत्र्याला चिकटलेल्या, त्या तसूभरही झुकत नव्हत्या. म्हणजे पुढून सासऱ्यांची खुर्ची आणि मागून पत्रा. मधे कुसुमलता आणि तिचं पोट.

तिनं दोन्ही तळवे पुढच्या पाठीला लावले आणि जोर दिला. गाडी खड्ड्यात गेली की सासऱ्यांचा अख्खा भार तिच्या मनगटांवर येई.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, सांगायचं ना! अहो, सांगणार कसं? लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि या पाच वर्षांत सासऱ्यांनी सुनेचा आवाज ऐकला नव्हता. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, आणि तोंडाला कुलूप. मारवाडी घरातली जुनी रीत ही. सुनेला काही हवं असेल तर तिनं सासूला सांगायचं, सासूनं सासऱ्यांना. सासू नसेल तर बांगड्या वाजवायच्या. थोरली जाऊ हीराबाई एकदाच चुकली होती. "बापूजी, दूध उतू जातंय," एवढंच म्हणाली होती ती, तेही चुलीपाशी दुसरं कुणी नव्हतं म्हणून. सुगनचंदांनी दोन महिने तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, नुसता पेला बाजूला सारायचे. हीराबाई त्या दोन महिन्यांत अर्धी झाली.

पण कुसुमलताची गोष्ट दुधाची नव्हती. पहिलं मूल चौथ्या महिन्यात गेलं होतं, दुसरं पाचव्यात. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पोटावर दाब येऊ द्यायचा नाही. कुसुमलतानं सहा महिने कळशी उचलली नव्हती, जिना धावत चढली नव्हती, शिंक आली तरी पोट धरून शिंकली होती. हे मूल जाऊ द्यायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं ठरवलं होतं.

तिनं आधी बांगड्या वाजवल्या. गाडीचा खडखडाट एवढा की तिच्या तिलाच ऐकू आल्या नाहीत. मग खोकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात.

"पानबाई," पुढून आवाज आला, "बींदणीला खोकला झालाय. लवंग दे तिला."

घ्या! बींदणी म्हणजे सून. सुनेच्या खोकल्याची काळजी आहे, पण खोकते कशासाठी ते कळत नाही.

पानबाईंना लवंग काढण्याचीही ताकद नव्हती. गाडी लागली होती त्यांना. खिडकीबाहेर तोंड काढून, हातात लिंबू धरून त्या कशाबशा बसल्या होत्या. "बाई, बापूजींना खुर्ची वर घ्यायला सांगा ना," कुसुमलता त्यांच्या कानाशी पुटपुटली. "नाहीतर जागा तरी बदलू."

"खिडकी सोडली तर मी सगळ्यांच्या अंगावर ओकेन," पानबाई म्हणाल्या. "आणि तुझ्यासाठीच केली ना ही गाडी त्यांनी? आता तक्रार केली तर काय वाटेल त्यांना? घे सोसून. धुळं काय लांब नाही."

धुळं लांबच होतं. अजून एरंडोलही आलं नव्हतं. एरंडोलला गाडी थांबेल, बापूजी पाय मोकळे करायला उतरतील, तेव्हा बघू, असं तिनं ठरवलं. गाडी थांबली, पण बापूजी उतरले नाहीत. ते घोरत होते. दोन-चार माणसं चढली आणि गाडी निघाली. कुसुमलताचे हात आता कोपरापासून भरून आले होते. पायानं पाठ ढकलावी असं एकदा मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. मोठ्या माणसाला पाय लावायचा! मग ते हातच पुन्हा लावले.

सुगनचंदांच्या शेजारी फैजपूरचे एक केळीवाले बसले होते, तोताराम पाटील. धोतर, पांढरी टोपी, मांडीवर पिशवी. ते आपले ताठ बसले होते, कळीला त्यांनी हात लावला नव्हता. परक्या माणसाशी बोलायला कुसुमलताला बंदी नव्हती, ही एक गंमतच. बांगडीवाल्याशी, भाजीवालीशी, टांगेवाल्याशी ती खुशाल बोलायची. बंदी फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलायची. ती पुढं वाकून म्हणाली, "भाऊ, तुमच्या शेजाऱ्यांना खुर्ची वर घ्यायला सांगता का? माझ्या पोटाला लागतेय."

तोतारामांनी वळून पाहिलं, तिचे ते लावलेले हात पाहिले आणि लगेच सुगनचंदांना हलवलं. "शेटजी, ओ शेटजी! खुर्ची जरा वर घ्या ना भो. मांगच्या बाईच्या पोटावर येऊ राहिली."

सुगनचंदांनी डोळे किलकिले केले. "मागं माझ्याच घरची माणसं आहेत, पाटील. परकं कुणी असतं तर विचारल्याशिवाय मी कळीला हातसुद्धा लावला नसता. एवढी रीत आम्हालाही कळते. घरच्यांना अडचण असती तर त्यांनी सांगितलं नसतं का?"

"अहो, मले सांगितलं ना तिनं!"

"तुम्हाला? माझ्या घरची बाई मला सोडून परक्याजवळ तक्रार करेल? तुमचा काहीतरी घोटाळा होतोय." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

कुसुमलतानं यातला शब्द न् शब्द ऐकला. घरच्यांनी सांगितलं नसतं का! पाच वर्षं तोंड बांधून ठेवायचं आणि वर म्हणायचं, बोलली नाही म्हणजे सुखात आहे. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात गाडीनं एका खड्ड्यात दणका खाल्ला, तिचे हात निसटले आणि पाठ पोटावर आदळली. पोटातून कळ अशी गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

पाणी घेणार नाहीत? न घेवोत. दोन महिने न घेवोत, दोन वर्षं न घेवोत.

"बापूजी!" ती म्हणाली. "खुर्ची वर घ्या. माझ्या मुलाला लागतंय."

आवाज केवढा मोठा निघाला! पुढच्या चार रांगांतल्या माना वळल्या. पानबाईंच्या हातातलं लिंबू खाली पडलं. सुगनचंद दचकून जागे झाले आणि गडबडीत त्यांनी कळ ओढली, पण पाठीचा भार तसाच मागं टाकून. खुर्ची वर येण्याऐवजी आणखी खाली आली.

"मागं रेलू नका!" कुसुमलता ओरडली. "आधी पाठ उचला! उचला म्हणते ना! आता ओढा कळ. हां. सोडा."

खुर्ची खट् करून वर गेली. सुगनचंद समोर पाहत ताठ बसले. मागून त्यांचे कान दिसत होते, लाल झालेले.

"झालं," पानबाई कपाळाला हात लावून पुटपुटल्या. "आता तुझंही हीराबाईसारखंच होणार."

कुसुमलताचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते आणि ती वाट पाहत होती. एरवी सकाळी नुसता धुमाकूळ असायचा आत. आता काहीच नव्हतं. पारोळा आलं, गाडी थांबली, सुटली, तरी काही नाही. हल रे राजा, हल. एकदा हल, मग हवं तर दिवसभर झोप. पारोळ्याची शेवटची घरं मागं पडली आणि डाव्या बरगडीखाली एक सणसणीत लाथ बसली. मग दुसरी. कुसुमलता पदराआड हसली आणि हसता हसता रडली.

पुढं सुगनचंदांनी हुंदका ऐकला असावा. मान न वळवता ते म्हणाले, "पानबाई, बींदणीला विचार, दुखतंय का अजून."

पानबाई तोंड उघडणार, तोच कुसुमलता म्हणाली, "नाही, बापूजी. मूल हललं आता."

सुगनचंद खुर्चीत आणखी पुढं सरकले. मग, "कधीपासून लागत होती खुर्ची?"

"पाळधीपासून."

"पाळधीपासून!" सुगनचंद आता मात्र गर्रकन वळले. पाच वर्षांत पहिल्यांदा ते सुनेकडं तोंड करून बोलत होते, तेही रागानं. "आणि आत्ता सांगतेस? दोन आधीच गेली ना आपली? तोंड नव्हतं तुला?"

"थोरल्या भाभीजींनी नुसतं दूध उतू जातंय म्हणून सांगितलं होतं," कुसुमलता म्हणाली.

तोतारामांनी हळूच खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. सुगनचंद पुढं वळले. धुळं येईपर्यंत त्यांनी पाठ खुर्चीला टेकवलीच नाही. पुढच्या दांड्याला धरून ओणवे बसून राहिले, जसं काही खुर्चीची पाठ तापलेली आहे.

धुळ्याला कुसुमलताचे वडील प्रकाशचंद टांगा घेऊन आले होते. व्याह्यांची गळाभेट झाली. मुलीकडं एक नजर टाकून प्रकाशचंदांनी रीतीप्रमाणं व्याह्यांनाच विचारलं, "प्रवास सुखाचा झाला ना? त्रास नाही ना झाला हिला?"

"मला काय विचारता?" सुगनचंद म्हणाले. "तिला विचारा."

प्रकाशचंद गोंधळले. सासऱ्यांच्या देखत मुलीनं बोलायचं? त्यांनी पानबाईंकडं पाहिलं. पानबाईंनी जमिनीकडं पाहिलं.

कुसुमलतानं पदर थोडा मागं सारला. बापाला घोर नको आणि सासऱ्यांचीही चारचौघांत शोभा नको, असं तिला वाटलं. "थोडा झाला," ती म्हणाली. "एरंडोलपर्यंत. मग काही नाही."

"पारोळ्यापर्यंत," सुगनचंद म्हणाले. "कमी कशाला सांगतेस?"