प्राचार्यांच्या मापाचा बाक

मुंगीला सगळे मुंगी म्हणत, कारण वर्गात सगळ्यांत बारीक तीच. आता मात्र तिला सातवा महिना सरत आला होता आणि मैत्रिणी म्हणत, "बघा, मुंगीने कलिंगड गिळलं!" मुंगीही पोट धरून हसायची. पण मनात एकच घोर होता. गणिताचा शेवटचा पेपर राहिला होता, आणि तो याच वर्षी द्यायचा होता. एकदा का बाळ मांडीवर आलं, की पुस्तक मांडीवर घ्यायला जागा कुठे उरते?

प्राचार्य म्हणाले, "अगं, पुढच्या वर्षी दे की. आमचे बाक पाहिलेस ना? बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच चौकटीत, शिवाय जमिनीला ठोकलेले. तू त्यात मावणार कशी?"

मुंगीसोबत तिची आत्या आली होती. आत्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला, की समोरच्याने खुर्ची घट्ट धरून बसावं.

"सर, नवा कायदा आलाय. वाचलात?"

"कसला कायदा?"

"गरोदर मुलीला कॉलेजने घरी बस म्हणायचं नाही. परीक्षा नाकारायची नाही. तिला नीट बसता येईल अशी सोय करायची, तीही सगळ्यांबरोबर, वेगळ्या खोलीत कोंडून नव्हे. आणि हवं तेव्हा तिला बाहेर जाऊ द्यायचं."

प्राचार्यांनी कायदा मागवून वाचला. माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. आणि भित्र्या माणसाला कायदा एकदा कळला, की त्याच्या उत्साहाला आवर घालणं कठीण.

"सुतारकाकांना बोलवा! लिहायच्या फळीला अर्धगोल खाच पाडायची!"

"अहो, एक टेबल-खुर्ची टाका, झालं," आत्या म्हणाली.

"छे छे! सगळ्यांबरोबर म्हणजे सगळ्यांसारख्याच बाकावर!"

सुतारकाका टेप घेऊन आले आणि मुंगीसमोर येताच लाजून चूर झाले. लेकीच्या वयाची पोर, तिच्या पोटाला टेप लावायचा कसा? त्यांनी छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि त्यांची नजर प्राचार्यांच्या पोटावर येऊन थांबली.

"साहेब, राग मानू नका. पण तुमच्यात आणि पोरीत एकोणीस-वीसचाच फरक दिसतोय."

आत्याने दोघांना शेजारीशेजारी उभं केलं आणि एक डोळा मिटून पाहिलं. "एकोणीस-वीस कसलं, तंतोतंत!"

प्राचार्यांनी घाईघाईने श्वास आत ओढला.

"सोडा श्वास, साहेब," टेप गुंडाळत सुतारकाका म्हणाले. "कायदा आहे."

खाच सुरेख झाली. कडा घासून अगदी गुळगुळीत केल्या होत्या. फक्त परीक्षा तीन आठवड्यांनी होती, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी दोन मैत्रिणींनी मुंगीला कसंबसं बाकात सरकवलं. पेपर सोपा होता. मुंगीचं पेन पळत सुटलं. एकच गणित राहिलं, आणि तिला बाहेर जायची गरज वाटू लागली. तिने हात वर केला आणि उठायला गेली. उठता येईना! आतल्या बाळाने कूस बदलली होती आणि पोट खाचेत घट्ट बसलं होतं. मागे पाठीची फळी, पुढे प्राचार्यांचं माप.

प्राचार्य धावत आले. "दुखतंय का गं? ठेव पेपर! आधी तुला बाहेर काढू!"

"दुखत नाही सर, नुसती अडकलेय. पण पेपर ठेवणार नाही. शेवटचं गणित राहिलंय."

"अगं, पण तू अडकलीयेस!"

"म्हणूनच तर! आता जाणार कुठे? लिहिते."

सुतारकाका बाकाखाली शिरले आणि स्क्रू फिरवू लागले. कुईं... कुईं... असा आवाज सुरू झाला. मागून कुणी ओरडलं, "सर, या आवाजात लक्ष लागत नाही!"

"सगळ्यांना वाढीव वेळ!" प्राचार्यांनी जाहीर केलं.

वर्ग बाक बडवू लागला. "मुंगे, आणखी घट्ट बस गं!"

शेवटचा स्क्रू निघाला आणि फळी सुटली. पण मुंगी लिहीतच होती. मग काय, फळीचं एक टोक सुतारकाकांनी धरलं आणि दुसरं प्राचार्यांनी.

"माप तर बरोबर घेतलं होतं हो," सुतारकाका पुटपुटले.

"काका," मान वर न करता मुंगी म्हणाली, "सरांचं पोट कधीच पूर्ण झालंय. माझं काम अजून चालू आहे."

प्राचार्यांना हसू आवरेना. फळी गदागदा हलली.

"हलवू नका सर! ताळा करतेय!"

प्राचार्य ओठ चावून पुतळ्यासारखे उभे राहिले. ताळा जुळला. मुंगीने उत्तराखाली ठसठशीत रेघ मारली आणि पेपर त्यांच्या हातात ठेवला.

"आता सरा बाजूला! मी हात कशासाठी वर केला होता, ते विसरलात ना सगळे?"

आणि पोट सांभाळत मुंगी जी सुटली, ती थेट दाराबाहेर!