आधी करीन म्हण

आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातले ज्यू. घरात कोणी गेलं की सात दिवस जमिनीलगत बसायचं, बाहेर पडायचं नाही. आईच्या लंडनमधल्या, एजवेअरच्या घरात मला ते बसणं जमत नव्हतं. सुतकासाठी झाकलेल्या आरशासमोरून मी दिवसभर येरझारा घालत होते, तिचे खण उघडत होते, वह्या चाळत होते.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या संध्याकाळी ती म्हणाली होती, "यायेल, एक मागते. आधी करीन म्हण."

"काय ते सांग तरी."

"आधी करीन म्हण. सीनाय पर्वतापाशी आपले लोक दहा आज्ञा ऐकायच्या आधीच हो म्हणाले होते."

"आणि चाळीस दिवसांत सोन्याच्या वासराची पूजा करून मोकळे झाले."

ती हसली, खोकली. "वात्रट! उद्या सांगते."

पहाटे वॉर्डातून फोन आला.

आईची धाकटी बहीण, सिम्हामावशी, बर्मिंगहॅमहून आली होती. सहाव्या दिवशी मी तिला पुन्हा विचारलं, आई काय मागणार होती?

"लग्न कर म्हणाली असती."

"मावशी, मी सेहेचाळीसची आहे."

"म्हणूनच आधी वचन." मग ती हसायची थांबली. "बस गं जरा. त्या खणात नाहीये ते."

हो म्हणायला माझं काय जात होतं? पण न वाचता सही करायची नाही, हे मला आईनेच शिकवलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी रिवाजाप्रमाणे मावशीने हात देऊन मला उठवलं. आता बाहेर एक फेरी मारायची, की बसणं संपलं. दारात ती थांबली.

"यायेल, एक काम होतं. करशील?"

'काय' अगदी ओठांवर आलं होतं.

"करीन."

"ऐक तरी आधी."

"करीन म्हटलं ना."

तिने कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "दर शुक्रवारी तुझी आई मला फोन करायची. शब्बाथचे दिवे किती वाजता लावायचे ते सांगायला. वेळ मला माहीत असते गं. तरी करायची. मग फोन ठेवून दोघी आपापल्या घरी लावायचो."

एडिनबराच्या माझ्या घरात साधी मेणबत्तीसुद्धा नव्हती.

"दिवे सूर्य मावळायच्या आत लावायचे ना? जूनमध्ये आमच्याकडे तो फार उशिरा मावळतो," मी म्हणाले. "तुझी वेळ सांगू की माझी?"

"दोन्ही सांग. आणि हळू चाल गं, माझे गुडघे."