संशयी संगणक आणि मास्तरीणबाईंची फिल्म

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझा स्वभाव जरा संशयी आहे. तुम्ही म्हणाल, एवढे शंकेखोर असू नये. पण माझा जन्म कसा झाला ते ऐका, मग बोला.

मी कारखान्यातून खोक्यात बसून आलेलो नाही. एका दुकानाच्या मागच्या खोलीत एका मेकॅनिकने मला जोडले. पेटी एकीकडची, मेमरी दुसरीकडची आणि पंखा तर कुठल्यातरी बंद पडलेल्या संगणकातून काढलेला. तो वापरलेला पंखा माझ्या पोटात बसवता बसवता मेकॅनिक गिऱ्हाइकाला सांगत होता, "सगळा माल एकदम कोरा आहे, डोळे झाकून घेऊन जा." मी आयुष्यात ऐकलेले ते पहिले वाक्य, आणि तीच शुद्ध थाप! मग मी संशयी होणार नाही तर काय होणार?

मला घरी नेले ते मास्तरीणबाईंनी. त्या घरी कपडे शिवत आणि मुलींना कापड बेतायला शिकवत, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणे. शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर मला जागा मिळाली. सुताचे बारीक तंतू माझ्या नाकातोंडात जायचे आणि तो उष्टा पंखा खोकायला लागायचा. तरी दिवस चांगले होते. बाईंची लेक माझ्यावर अभ्यास करायची. बाई नव्या तऱ्हेचे गळे आणि बाह्या बघायच्या आणि आल्यागेल्याला कौतुकाने सांगायच्या, "आमचा कॉम्प्युटर हो, काहीही विचारा!" पुढे लेकीला नोकरी लागली, तिच्या हातात चांगला फोन आला आणि माझ्यावर अस्तराच्या कापडाचा गठ्ठा येऊन पडला. त्या गठ्ठ्याखालून मी घरातले सगळे ऐकत असे.

ऐकता ऐकता मला कात्रीची शंका येऊ लागली. पूर्वी ती कापडातून एका दमात सरकत जाई. आता ती थांबत होती, अडखळत होती. बाईंचा हात थरथरू लागला होता. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण पूर्वीसारखा स्थिर होणार नाही. बाईंनी हळूहळू कामे घेणे बंद केले आणि त्या खिडकीपाशी नुसत्या बसून राहू लागल्या. मला फार वाईट वाटे.

अशातच एका शिवणशाळेला बेतायला शिकवणारी शिक्षिका हवी आहे असे कळले. तिथल्या मुख्याध्यापिका फोनवर म्हणाल्या, "तुमचं काम दाखवणारी एक छोटी फिल्म पाठवा, मग बघू." लेकीने पूर्वी, आईचा हात चांगला असताना, गंमत म्हणून पुष्कळ व्हिडिओ काढले होते. बाई माप घेताहेत, खडूने रेघ मारताहेत, कागदाच्या नमुन्याशिवाय झगा बेतताहेत. फोन भरला तेव्हा ते सगळे तिने माझ्यात टाकले आणि फोनमधून पुसले. बाईंचे ते स्थिर हात आता फक्त माझ्यापाशी उरले होते. म्हणून माझ्यावरचा गठ्ठा उचलला गेला आणि व्हिडिओ कापायचे, जोडायचे एखादे परवडणारे सॉफ्टवेअर शोधणे सुरू झाले.

पहिले आले ते मोठे झकपक. फिल्मवाले तेच वापरतात म्हणे. पण ते विकत मिळत नव्हते, महिन्याच्या भाड्यावर होते. बाईंनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे भाडं थकलं की मशीन उचलून नेणार, आणि अर्धवट शिवलेलं कापड आत अडकून बसणार?"

"तसंच काहीसं," लेक म्हणाली.

"मग नको."

शिवाय ते इतके जाडजूड होते की मला पेललेही नसते.

दुसरे फारच गोडबोले निघाले. फुकट आहे, सोपे आहे, या की, बसा की. मला तेव्हाच वास आला होता. लेकीने कामावरून आल्यावर रोज बसून आठवडाभर फिल्म जोडली. शेवटी ती बाहेर काढली, तर सॉफ्टवेअरने चित्राच्या मधोमध स्वतःचे नाव ठोकलेले, नेमके बाईंच्या हातांवर! नाव काढायचे तर पैसे भरा. लेकीने कपाळाला हात लावला. बाई मात्र तिच्यावरच रागावल्या. "नव्या मशीनवर आधी चिंधी घालून बघतात ना? टीप कशी पडते ते न बघता तू थेट गिऱ्हाइकाचं कापड घातलंस?"

त्या दिवसापासून घरात नियम झाला, आधी चिंधी. बिनकामाचा एक लहानसा व्हिडिओ घ्यायचा, तो कापायचा, जोडायचा आणि फिल्म बाहेर पडेपर्यंत न्यायचा. मगच पुढचे बोलणे. चिंधी म्हणून शेजारच्या पत्र्यावर झोपलेल्या मांजरीचा व्हिडिओ निवडला. त्या झोपाळू मांजरीने कितीतरी लबाड सॉफ्टवेअर उघडी पाडली. कोणी तिच्या तोंडावर नाव छापले, कोणी तिला अर्ध्यावरच तोडले. मी मनातून खूश होतो.

बाईंनी आणखी एक हट्ट धरला. फिल्म कापली की मूळ व्हिडिओही कापला जातो, अशी त्यांची पक्की समजूत होती. लेकीने परोपरीने सांगितले, "आई, मूळ तसाच राहतो गं." पण सगळा जन्म कात्री चालवलेल्या बाईला ते पटेना. "कापलेलं कापड परत अखंड झालेलं मी तरी पाहिलं नाही. आधी सगळ्याची नक्कल काढ, मग कात्री लाव." लेक वैतागली, पण आईच्या समाधानासाठी तिने सगळे व्हिडिओ एका पेनड्राइव्हवर उतरवले. बाईंनी तो शिवणयंत्राच्या बॉबिनच्या डबीत ठेवून दिला.

मग आला मामा. म्हणजे लेकीचा मामा, बाईंचा धाकटा भाऊ. माणूस जिवाला जीव देणारा, पण त्याला येत नाही असे जगात काही नाही.

"ताई, कशाला डोकं शिणवतेस? ते भारीतलं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे. पूर्णच्या पूर्ण, आणि फुकट."

"कुठून आणलंस?"

"मित्रानं दिलंय गं. आपलाच माणूस आहे."

त्या पाहुण्या सॉफ्टवेअरने आत येण्याआधीच अट घातली, दारावरच्या पहारेकऱ्याला झोपवा. मित्रांनो, व्हायरस अडवणारे एक सॉफ्टवेअर माझ्या दारावर पहारा देते. ज्याच्या मनात काळेबेरे नाही, त्याला पहारेकऱ्याची भीती का वाटावी? लेक म्हणाली, "मामा, आधी चिंधी." "कसली चिंधी घेऊन बसलीस! मी आहे ना," म्हणत मामाने पहारा बंद केला. मी होता नव्हता तेवढा जोर लावून अडून बसलो. पंखा घरघरवला, पडदा गोठवला. मामाने माझ्या पाठीत चापट मारली. "म्हातारा झालाय हा डबा." आणि त्याने मला बंद करून पुन्हा चालू केले.

थोड्याच वेळात माझ्यातल्या फायलींची नावे बदलू लागली. एकही व्हिडिओ उघडेना. पडद्यावर धमकी आली, पैसे द्या नाहीतर सगळे विसरा. बाईंचे हात माझ्या डोळ्यांदेखत दिसेनासे झाले आणि मला काहीही करता आले नाही.

मामाचा चेहरा पडला. "ताई, त्यानं तर मला सांगितलं होतं की..." लेक रडू लागली. बाईंनी उठून बॉबिनची डबी आणली. थरथरत्या बोटांना झाकण उघडेना, तेव्हा मामानेच ते उघडून दिले. चुकीच्या समजुतीने काढलेली नक्कल आत सुखरूप होती. बाकीचे मात्र वाचले नाही. मेकॅनिकने मला पुसून कोरे केले, त्यात लेकीचा अभ्यास गेला आणि जुने फोटो गेले. त्यांची नक्कल कोणी काढलीच नव्हती.

शेवटी एक साध्या चेहऱ्याचे सॉफ्टवेअर आले. लेकीने ते बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या पानावरून, पत्ता नीट वाचून घेतले. ते भाडे मागेना, नाव छापेना. हौसेने काम करणाऱ्या माणसांनी ते मिळून बनवले आहे, कोणीही आत डोकावून बघावे, असे त्यावर लिहिले होते. मांजर आत गेली तशीच स्वच्छ बाहेर आली. माझ्या म्हातारपणाला झेपेल इतके ते हलकेही होते. मग याला हवे तरी काय? मी अजून त्याच्यावर पाळत ठेवून आहे. काही सापडलेले नाही, आणि म्हणूनच मला जास्त शंका येते.

फिल्म तयार झाली. स्थिर हात, सरळ रेघा, सुरेख झगे. बाईंनी ती पाहिली आणि विचारले, "हे हात कुणाचे?"

"तुझेच की, आई."

"होते. ही बघून शाळेतल्या त्या बाई पहिल्याच दिवशी माझ्या हातात खडू देतील. मग काय करू?"

"पण थरथरताना दाखवलं तर तुला घेईल कोण?" लेक म्हणाली.

मी चपापलो. इतके दिवस मी दारावर डोळे लावून बसलो होतो आणि लबाडी माझ्या पोटातच शिजत होती.

"फोन चालू करून तिथे ठेव," बाई म्हणाल्या, "आणि कात्री घे."

"मला सरळ रेघसुद्धा कापता येत नाही, आई."

"म्हणूनच घे."

बाई खुर्चीत बसल्या. मांडीवरचे दोन्ही हात थरथरत होते, ते त्यांनी लपवले नाहीत. "कापड उचलू नकोस, टेबलावरच राहू दे. खालचं पातं टेबलाला टेकव. कात्री पूर्ण मिटू नकोस, अर्ध्यावर थांब आणि पुढे सरक. घाबरतेस कशाला? कापड चावत नाही." पहिली बाही वाया गेली. दुसरी वाकडी झाली. बाईंचा आवाज चढला नाही. तिसरी बाही बाईंनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि मान डोलावली. वाया गेलेल्या बाहीसकट ते सगळे फिल्ममध्ये गेले.

काही दिवसांनी मुख्याध्यापिकांचा फोन आला. लेकीने आवाज मोठा केला, म्हणून मलाही ऐकू आले.

"सुरुवातीचे हात तुमचेच?"

"जुने आहेत. आता तसे राहिले नाहीत."

"ते दिसलं. आणि शेवटी कापणारी मुलगी? ती किती दिवस शिकतेय तुमच्याकडे?"

"माझी लेक आहे ती. त्या दिवशीच पहिल्यांदा कात्री धरली तिनं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मी म्हटले, आला नकार.

"हातानं कापणाऱ्या आमच्याकडे पुष्कळ आहेत हो," त्या म्हणाल्या. "सांगून कापायला लावणारी नव्हती. सोमवारी या."

लेकीने आईला मिठी मारली. बाईंचे हात तिच्या पाठीवर तसेच थरथरत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या संगणकातही कोणाचे तरी हात असतील, कोणाचा तरी आवाज असेल. आजच उघडून बघा. आम्ही म्हातारे आहोत, एखाद्या सकाळी तुम्ही बटण दाबाल आणि आम्ही उठणार नाही. त्याआधी त्यांना आमच्यातून बाहेर काढा.