जांभळ्या अंगठ्याची कृपा

आत

हॉर्न. नुसते हॉर्न. ट्रकतळावरच्या झाडून साऱ्या गाड्या एकदम बोंबलत होत्या आणि प्रत्येक स्टिअरिंगमागचा ड्रायव्हर डोळे घट्ट मिटून बसला होता. बाकीची माणसं, म्हणजे क्लीनर, हमाल, चहावाला, खाणीवरच्या बाया आणि त्यांच्या कडेवरची पोरं, मैदानाकडे पाठ करून उभी होती. मैदानाच्या मधोमध पाण्याचा टँकर. टँकरच्या केबिनवरून खालपर्यंत सोडलेली काळी चादर. आणि चादरीच्या आत फुंकरबाबा, एकटे, भुताशी झुंजत.

मीही पाठ केली होती. शेजारी आमच्या डॉक्टरीणबाई. त्या माझ्या कानात ओरडल्या, "कंपाउंडर, हॉर्न कशाला?"

"भूत घाबरतं म्हणे."

"आणि डोळे का मिटायचे?"

"भूत डोळ्यांतून शिरतं."

"कानांतून नाही शिरत? कान तर सगळ्यांचे उघडे आहेत."

मी काय सांगणार? माझं काम औषध देण्याचं.

हॉर्न थांबले. बाबा घामाघूम होऊन बाहेर आले. हातात तोंड बांधलेलं पोतं. त्यांनी ते जमिनीवर आपटलं तशी आतून धुळीचा लोट उठला आणि चार पावलं सगळे मागे सरले.

"बघा," बाबा म्हणाले, "कसं फुत्कारतंय."

टँकरवाल्याने गाडी चालू केली. सकाळी उतारावरही धापा टाकणारा टँकर मुरमाच्या ढिगावर सरसर चढला. काळा धूर नाही, कुंथणं नाही. उलट आतून बारीक, लांब शिट्टी ऐकू यायला लागली. माणसांनी हात जोडले.

"ही कृपेची शीळ," बाबांनी खुलासा केला. "भूत गेलं की इंजीन गातं."

पोतं लगेच शेडमागच्या खड्ड्यात पुरलं गेलं. दक्षिणा एक कॅन डिझेल. भुताला डिझेलचा तिटकारा असतो, म्हणून ते बाबांच्या अंगणात साठवावं लागतं.

दाब

इथे गाडी जरा बाजूला घेतो. वाचकांपैकी सगळेच काही ट्रकतळावर वाढलेले नसतात.

इंजिनाचं आयुष्य चार कामांचं : हवा आत घ्यायची, दाबायची, भडका उडवायचा, धूर बाहेर टाकायचा. आमच्या तळावर पूर्वी जुन्या गाड्या होत्या. अवाढव्य इंजीन, आळशी, पण सोशीक. हवा गाळायला तेलाचं भांडं असायचं. धूळ तेलात बसायची, ड्रायव्हर वरचेवर तेल बदलायचा, काम भागायचं. मग खाणीचा रस्ता वाढला, चढ वाढले, आणि नव्या गाड्या आल्या. इंजीन लहान पण टर्बोवालं. चढावर जुन्याला दोनदा विकून खाईल अशी ताकद. निवड चांगलीच होती. फक्त ही इंजिनं हवा अधाशासारखी ओढतात, आणि हवा गाळायला त्यांना तेलाचं भांडं नसतं. केबिनच्या मागे ढोलकीएवढा डबा आणि त्यात घड्याघड्यांचा कागदी फिल्टर.

आमच्या लोकांनी डबा पाहिला. तेल ओतायला जागाच नाही. मग ठरलं, की या गाडीत गाळणीचं काही करायचंच नसतं. आणि पिठासारख्या धुळीच्या रस्त्यावर गाड्या सुटल्या.

टर्बो म्हणजे काय, हे मात्र फुंकरबाबांनी आधीच समजावून ठेवलं होतं. त्यांच्याच शब्दांत : "टर्बोत दोन चाकं असतात बाळांनो. एक पापाचं, एक पुण्याचं. पाप धुरातून बाहेर पडताना आपलं चाक फिरवतं, त्याच दांड्यावर पुण्याचं चाक फिरतं आणि आत हवा कोंबतं."

गंमत म्हणजे, पाप आणि पुण्य तेवढं वगळलं तर यातला शब्द न् शब्द खरा आहे.

आमचा दवाखाना चाकांवरचा. मागे औषधांची खोली, पुढे केबिन, केबिनमध्ये मामा. सगळ्या तळाचे मामा. डोंगरमाथ्यावरच्या वस्तीला आमच्याशिवाय डॉक्टर नाही, आणि आमची गाडी लागोपाठ दोन फेऱ्यांना अर्ध्या चढावरून काळा धूर ओकत परत फिरली होती. वर दिवस भरत आलेली एक सून होती. पायात पाणी उतरलेलं, डोकं सारखं दुखणारं. या खेपेला पोचलो नाही तर काय होईल, ते डॉक्टरीणबाई बोलत नव्हत्या. फक्त दर थोड्या वेळाने चढाकडे बघत होत्या.

"मामा, म्हातारपणी गाडी ढकलायची सवय झाली का?" टँकरचं भूत काढून आता दोन-तीन महिने झाले होते, आणि टँकरवाला शिट्टी मारत विचारायचा.

मामांनी बाबांना शब्द देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी भूत काढायचं, तिथूनच थेट चढ गाठायचा.

"ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण रोगी दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवण्याआधी मी तपासणार."

त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावला आणि गाडीभोवती फिरू लागल्या. तळावर हशा पिकला.

"बाई, खोल श्वास घ्यायला सांगा तिला," कोणीतरी म्हणालं.

"मामा, खोल श्वास," बाईंनी हुकूम सोडला. मामांनी ॲक्सिलरेटर दाबला. बाईंनी ढोलकीएवढ्या डब्याला नळी टेकवली आणि त्यांचं कपाळ आक्रसलं. "सपाटीवर दम लागतो का हिला?"

"नाही. चढावरच."

"म्हणजे बसलं की बरं, चाललं की धाप. असे रोगी रोज बघते मी." मग माझ्याकडे वळून हळूच, "कंपाउंडर, तोंड आलं की लावतो ते जांभळं औषध आण. भरपूर ग्लिसरीन घालून. वाळता कामा नये."

डब्याच्या क्लिपांवर, झाकणाच्या आतल्या कडेला आणि फिल्टरच्या काठावर त्यांनी ब्रशने ते चोपडलं. वरून धूळ भुरभुरवली. मामा पायरीवरून वाकून बघत होते.

"हे काय आता?"

"मलम."

"गाडीला?"

"उद्या कोणाला तरी उपयोगी पडेल."

मामांनी मान हलवली. शिकलेल्या माणसांची थट्टा त्यांना कळत नसे आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं.

भडका

सकाळ. चादर. पाठी. डोळे. हॉर्न.

हॉर्न थांबले. बाबा बाहेर आले, पोतं आपटलं, धूळ उडाली. मग त्यांनी मामांना जवळ बोलावून कपाळावर अंगठा टेकवला. क्लीनरच्या कपाळावर टेकवला. टँकरवाल्याने उगाचच कपाळ पुढे केलं, त्यालाही मिळाला. शेवटी कृतार्थ होऊन बाबांनी आपली पांढरीशुभ्र दाढी वरून खाली कुरवाळली.

आधी चहावाल्याच्या लक्षात आलं. "बाबा, तुमची दाढी."

दाढी जांभळी. तळवे जांभळे. मामांच्या कपाळावर जांभळ्या अंगठ्याचा ठसा, अगदी रेघारेघांसकट.

"कृपेचा रंग," टँकरवाला पुटपुटला आणि आपल्या कपाळाला हात लावून बोटं बघत राहिला.

"कृपेचा नाही, माझा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोंड येतं त्याला लावतो. डब्याच्या आत लावला होता मी. काल, मामांसमोर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बाबा कसलेले होते. "भुताने," ते गंभीरपणे म्हणाले, "जाता जाता माझ्यावर रंग फेकला."

"असेल. मग भूत बघू या."

"पोतं उघडलं तर ते परत शिरेल. ज्याने उघडलं त्याच्या गाडीत."

कोणी हललं नाही. मी लाजेने सांगतो, मीही नाही. बाईंनी पोत्याला हात घातला, तेवढ्यात मामा मध्ये आले.

"तुम्ही थांबा बाई. गाडी माझी आहे, भूतही माझंच." ते बाबांकडे वळले. "शब्द दिला होता, तो पाळला. तुम्ही काढलंत, मी डोळे मिटले. आता मला बघू द्या काय निघालं."

गाठ सुटली. पोतं उलटं झालं. मातीवर धप्पकन पडला एक गोल, पोकळ, धुळीने दगड झालेला कागदी फिल्टर. काठ जांभळा.

 मग मामांनी फिल्टर उचलून सूर्यासमोर धरला. उजेडाचा ठिपकाही आरपार येईना.

"हिने श्वास घ्यायचा तरी कुठून?" ते म्हणाले.

शेडमागचा खड्डा उकरला गेला. सगळी भुतं एकाच आकाराची. सगळ्यांच्या मध्ये भोक.

"पण माझा टँकर चढला की," टँकरवाला हटून बसला. "शिट्टी वाजवत चढला."

"चढणारच," बाई म्हणाल्या. "नाकावरचा बोळा काढला की कोणीही पळेल. गाळणी असते तोवर टर्बोचा आवाज दबलेला असतो, ती काढली की मोकळा ऐकू येतो. पण आता तो गाळल्याशिवाय काय गिळतोय, ते बघितलंस? धूर निळा येतोय का हल्ली? तेल पितोय?"

टँकरवाल्याचा चेहरा पडला. "बाबा म्हणाले, पोटातलं पाप धुरातून निघतंय."

मामांनी टँकरचा हवेचा रबरी पाइप सोडवला. आत टर्बोचं चाक दिसलं. धारदार पात्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झालेल्या. धुळीने घासून घासून. टँकरवाल्याने त्यांवरून बोट फिरवून बघितलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं ऐकलं होतं. इथे म्हशीचं नाकच कापून नेलं होतं.

बाहेर

प्रश्न उरला नव्या फिल्टरचा. चढ वाट बघत होता, आणि वर ती सून.

"तुमच्या पाठीमागे काय आहे, मामा?" मी विचारलं.

नव्या गाड्या आल्या तेव्हा प्रत्येकीबरोबर एक गोल खोकं आलं होतं. मामा पाठीला टेकायला वापरत. टँकरवाला त्यावर बसून चहा पिई. एकाच्या घरी त्यावर टीव्ही ठेवला होता. मामांनी आपलं टेकण फाडलं. आत कोराकरकरीत फिल्टर, प्लॅस्टिकात गुंडाळलेला.

सगळी माणसं बाबांकडे बघू लागली. काही हातांत लोखंडी पाने होते. मामांनी मात्र फिल्टर बाबांसमोर धरला.

"तुम्हीच बसवा. क्लिपा तुमच्या हाताला ओळखतात."

"मी?"

"चादरीशिवाय. हॉर्नशिवाय. आणि आम्ही डोळे उघडे ठेवणार."

बाबांनी डबा पुसला, आतली धूळ ओल्या फडक्याने टिपली, रबराचा काठ बोटाने चाचपला, फिल्टर सरळ सरकवला आणि क्लिपा खटाखट लावल्या. काम इतकं साफ, की तळावरचे सगळे ओठ दाबून बघत राहिले.

"हात चांगला आहे हो," टँकरवाला अखेर म्हणाला. "मग बाबा कशाला झालात?"

जांभळ्या दाढीतून उत्तर आलं, "मिस्त्री होतो तेव्हा कोणी नमस्कार करत नव्हतं."

यावर मात्र कोणाला हसू आलं नाही. मामा म्हणाले, "उरलेल्या गाड्यांनाही बसवा. चांगले बसवलेत तर मी करीन नमस्कार. डिझेल मात्र परत."

आम्ही चढाला लागलो. गाडी धापली नाही, गायलीही नाही. नुसती चढली. वर पोचताच बाईंनी सुनेचा रक्तदाब तपासला, दोन शब्द बोलल्या, आणि आम्ही तिला मागच्या खोलीत आडवी करून तसेच मोठ्या दवाखान्याकडे उतरलो. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. दोघी सुखरूप.

निघताना सुनेची सासू मामांच्या कपाळाकडे बघत राहिली होती. "हे कसलं गंध म्हणायचं?"

"डोळे मिटल्याचं," मामा म्हणाले. "आठवडाभर निघत नाही."

पुन्हा आत

टर्बोत बाहेर जाणारा धूर वाया जात नाही. तोच चाक फिरवतो आणि नवी हवा आत येते. फजितीचंही तसंच करता येतं.

म्हणून एवढंच सांगायचं आहे. गाडी थांबली तर डबा उघडा. चमत्कार दिसला तर पोतं उघडा. सगळ्यांनी पाठ केली असेल, तर तुम्ही वळून बघा. जे खरं असतं त्याला आपल्या उघड्या डोळ्यांची भीती नसते. आणि जे काढून टाकल्यावर लगेच बरं वाटतं, ते आपल्याला कशापासून वाचवत होतं, हे एकदा तरी विचारा.

परवा तळावर औजारं विकणारा एक माणूस आला होता. पेटीवर फडकं टाकून म्हणाला, "आता जरा डोळे मिटा."

झाडून साऱ्या ड्रायव्हरांनी एकदम विचारलं, "कशाला?"